घरचा डॉक्टर आणि लिंगभावाचा प्रश्न



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकावीत ही रीत न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली आणि पुढे ती महाराष्ट्राने गावोगाव उचलली. परीक्षा आटोपलेल्या असतात, दिवस मोठा झालेला असतो, आणि संध्याकाळी माणसे दोन घटका शांतपणे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतात. अशा वेळी संतवाङ्मय, इतिहास, प्रवास हे विषय सोयीचे. चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली आणि आम्ही एक गैरसोयीचा विषय निवडला. ज्या मुलामुलींना आपल्या शरीराचे लिंग आणि आपल्या मनाचे लिंग एक वाटत नाही, त्यांच्याशी गल्लीतल्या साध्या डॉक्टराने कसे वागावे, हा तो विषय होय.

हा विषय चारचौघांत काढावा काय, असे एका स्नेह्याने आम्हांस विचारले. त्यावर आमचे उत्तर असे की, चारचौघांत काढू नयेत असे विषय काढणाऱ्यांचेच महाराष्ट्रावर अधिक उपकार आहेत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. परंतु मासिक त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालले. कर्व्यांनी न्यायालयात जे गमावले ते आज प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर तक्त्याच्या रूपाने टांगलेले आहे. तेव्हा संकोच बाजूला ठेवून आपण विषयाकडे वळू.

प्रथम एक कबुली देतो. आम्ही डॉक्टरीचा व्यवसाय करीत आलो आहोत, आणि या विषयाकडे आम्ही वळलो ते पुस्तक वाचून नव्हे, तर स्वतःच्या एका चुकीमुळे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक आई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. दिवस वैशाखाचे, तरी मुलीच्या अंगात जाड सदरा. तक्रार अशी की पाठ दुखते, दम लागतो, जेवण जात नाही, शाळेत जावयाचे म्हटले की पोटात कळ येते. आम्ही नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या पाहिल्या, सदऱ्यावरूनच छाती तपासली आणि रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. निघताना मुलगी दारात घुटमळली. तिला काही सांगावयाचे आहे हे आम्हांस दिसले. आम्ही म्हणालो, “अगं, आईसमोर सांग की! लाजतेस काय?” ती गप्प झाली आणि निघून गेली. बाहेर वीस रोगी बसले होते. आम्ही पुढच्याचे नाव पुकारले.

काही महिन्यांनी त्या मुलाला—आता आम्ही मुलगाच म्हणतो, कारण तो स्वतःला तसेच म्हणतो—जिवाच्या आकांताने मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने प्राण वाचले. छाती दिसू नये म्हणून तो दिवसरात्र घट्ट पट्टा आवळून बांधीत असे, पाठदुखी आणि दम हे त्याचे फळ होते, हे तेव्हा उघडकीस आले. बरा झाल्यावर तो आमच्याकडे आला आणि एवढेच बोलला, “डॉक्टरसाहेब, त्या दिवशी तुम्ही आईला पाच मिनिटे बाहेर बसवले असते, तर मी सांगणार होतो.”

‘सांगणार होतो’. मराठी भाषेची घडण अशी आहे की, या एका क्रियापदात त्या मुलाने आपले सारे गाऱ्हाणे सांगितले. इंग्रजीत माणूस ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे न ठरविता दिवस काढू शकतो. मराठीत मूल भाकरी मागताना, अभ्यासाची तक्रार करताना, देवाला नमस्कार करतानासुद्धा आपले लिंग बोलून जाते. ज्याला ते लिंग आपले वाटत नाही त्याला दिवसातून शंभर वेळा एक तर खोटे बोलावे लागते, नाही तर तोंड मिटून बसावे लागते. अशी मुले अबोल होतात त्याचे एक कारण हे असावे, असे आम्हांस वाटते.

आता हे आहे तरी काय, ते पाहू. येथे तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. काही बालकांच्या शरीराची घडणच जन्मतः मुलगा वा मुलगी या चौकटीत न बसणारी असते. तो एक प्रकार. एखाद्या पुरुषाला पुरुषाविषयी किंवा स्त्रीला स्त्रीविषयी ओढ वाटते. तो दुसरा प्रकार. आणि शरीर मुलीचे असून ‘मी मुलगा आहे’ किंवा शरीर मुलाचे असून ‘मी मुलगी आहे’ अशी आतून टिकून राहिलेली जाणीव असणे, हा तिसरा. या तिसऱ्या प्रकारच्या व्यक्तींना अलीकडे मराठीत पारलिंगी म्हणतात. तृतीयपंथी हा आपल्या परिचयाचा शब्द त्यांतील काहींनाच लागू पडतो. कारण तो एका समाजाचे, एका राहणीचे नाव आहे, आणि प्रत्येक पारलिंगी मूल त्या राहणीकडे जातेच असे नाही.

हा मनाचा रोग आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ साली मान्य केली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत हा विषय मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. अर्थ उघड आहे. ही जाणीव म्हणजे वेड नव्हे. तिच्यापायी होणाऱ्या यातनांना मात्र वैद्यकीय मदत लागते, म्हणून पुस्तकात तिची नोंद हवी.

अशी माणसे किती? २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ४०,८९१ महाराष्ट्रातील होत्या. आणि लक्षात घ्या, त्या देशभरच्या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची ५४,८५४ मुले होती. मुलांची ही नोंद अर्थात त्यांच्या आईबापांनी केली होती. मोठ्यांपैकी कित्येकांनी तर रकाना विचारणाऱ्याला खरे उत्तर दिलेच नसेल. म्हणून या आकड्याला आम्ही शेवटचा शब्द मानीत नाही. परंतु ‘आमच्याकडे असले काही नाही’ असे म्हणणाऱ्यांना तो पुरेसा आहे.

आता डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेकडे येऊ. मार्गदर्शिका म्हणजे अनुभव आणि संशोधन यांच्या आधारे, कोणत्या प्रसंगी काय करावे आणि काय करू नये हे लिहून ठेवणारे पुस्तक. पारलिंगी व्यक्तींच्या उपचारांसाठी असे पहिले आंतरराष्ट्रीय पुस्तक १९७९ साली निघाले. त्याची आठवी आवृत्ती २०२२ साली प्रसिद्ध झाली आणि तीत किशोरवयीनांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. ग्रंथिविज्ञानाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००९ साली आपली मार्गदर्शिका काढली आणि २०१७ साली ती सुधारली. भारतातही या विषयावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने आपल्याकडील परिस्थितीसाठी प्रमाणके तयार केली आहेत.

या पुस्तकांतील बहुतेक पाने तज्ज्ञांसाठी आहेत. घरच्या डॉक्टराच्या वाट्याला जे येते ते वरवर पाहता थोडके आहे. पण ते चुकले की पुढचे सारे चुकते. ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, एकांत. दहा-बारा वर्षांवरील कोणतेही मूल आले की, तक्रार पोटाची असो वा पुरळाची, आईबापांशी बोलून झाल्यावर पाच मिनिटे मुलाशी एकट्याशी बोलावे. सर्वांशीच असे वागले म्हणजे कोणालाही वावगे वाटत नाही. ‘आमच्या दवाखान्याची ही पद्धतच आहे’ एवढे सांगितले की आईबाप बाहेर बसतात. मुलाला आरंभीच सांगावे की, तू सांगशील ते आमच्यापाशी राहील. मात्र तुझ्या जिवाला धोका असेल तर ते आम्हांस घरच्यांना सांगावे लागेल. तसेच अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळविणे डॉक्टरावर बंधनकारक आहे. हीही मर्यादा आधी सांगावी. वचन देऊन मोडण्यापेक्षा वचनाची सीमा आधी सांगणे बरे.

दुसरी गोष्ट, संबोधन. मुलाने जे नाव सांगितले त्या नावाने हाक मारावी. ते कोणते क्रियापद वापरते ते कान देऊन ऐकावे आणि तेच आपणही वापरावे. उमगत नसेल तोवर मराठीने एक वाट ठेवली आहे. ‘तू जातोस की जातेस’ यात लिंग येते, पण ‘तुला काय वाटते’, ‘तुला काय हवे’, ‘तुम्ही कोठे राहता’, ‘उद्या येशील का’ यांत ते येत नाही. शिवाय मूल आणि लेकरू हे आपले दोन्ही शब्द पुल्लिंगी नाहीत आणि स्त्रीलिंगीही नाहीत. पूर्वजांनी हे शब्द असे का घडविले हे आम्हांस ठाऊक नाही, पण डॉक्टराच्या ते फार उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट, मनाची विचारपूस. झोप, भूक, शाळा, सोबती, घरची मारझोड, आणि ‘जगू नये असे वाटते काय’ हा प्रश्न सरळ विचारावा. हा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसते ते शिरते, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. विचारल्याने मूल मोकळे होते. उत्तर होय असे आले तर त्याच दिवशी हालचाल करावी. मूल एकटे राहणार नाही असे पाहावे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पोचवावे. सरकारची १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनिसेवा २०२२ पासून चालू आहे आणि मुलांच्या संकटासाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन आकडे दवाखान्यात मोठ्या अक्षरांत लावून ठेवण्यास काही खर्च येत नाही.

चौथी गोष्ट, शरीराची तपासणी. तक्रार घशाची असेल तर घसाच तपासावा. कुतूहलापोटी कपडे उतरवावयास लावणे हा अपराध समजावा. जे तपासणे अवश्य आहे ते आधी सांगून, विचारून, सोबत कोणी हवे काय हे पुसून तपासावे. छाती बांधणाऱ्या मुलास रागावू नये. पट्टीने वा चिकटपट्टीने बांधू नकोस, आठ तासांहून अधिक बांधू नकोस, झोपताना आणि खेळताना सोड, दम लागला की लगेच सोड, असे सांगावे. पाळीच्या चार दिवसांत ज्याचा जीव नकोसा होतो त्याची पाळी औषधाने थांबविता येते. ते काम स्त्रीरोगतज्ज्ञ सहज करतात. अशा छोट्या उपायांनी पुष्कळ मुले पुन्हा शाळेत जाऊ लागतात.

पाचवी गोष्ट, आपल्याच मनाने घेतलेली औषधे. ‘शरीर मुलीसारखे व्हावे म्हणून काही गोळ्या घेतोस काय?’ हे विचारले पाहिजे. संततिप्रतिबंधक गोळ्या दुकानातून आणून मुठीने खाणारी मुले आहेत. त्या गोळ्यांतील स्त्रीसंप्रेरकाने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि धूम्रपानाची जोड मिळाली की तो आणखी वाढतो. उलटपक्षी पुरुषसंप्रेरकाची इंजेक्शने व्यायामशाळेतील ओळखीने टोचून घेणाऱ्यांचे रक्त दाट होते. अशा मुलास दम देऊन हाकलले तर ते गोळ्या सोडीत नाही, दवाखाना सोडते. त्याचा रक्तदाब पाहावा, रक्त तपासावे, धोका समजावून सांगावा आणि तज्ज्ञाकडे धाडावे.

सहावी गोष्ट, काय करू नये. ‘हे खूळ काढून टाका’ असे आईबाप विनवतात. धाक, शॉक, गंडेदोरे, घाईने लावलेले लग्न यांनी ही जाणीव जात नाही. मूल मात्र हातचे जाते. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्देशांनंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली असे ‘बदलून देण्याचे’ उपचार हे डॉक्टराचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. त्याआधी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही, समाजाच्या रूढ मूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणास मनोरुग्ण ठरवू नये, असे सांगितलेले आहे.

आता ज्याविषयी जगभर वाद आहे तो भाग. वयात येण्यापूर्वी, म्हणजे लहान वयात, कोणतीही मार्गदर्शिका कोणतेही औषध सांगत नाही. तेथे फक्त धीर, निरीक्षण आणि मायेने वागणे एवढेच. वयात येण्याचे पहिले चिन्ह मुलींत साधारण आठ ते तेरा आणि मुलांत नऊ ते चौदा या वयात दिसते. त्यानंतर काही निवडक मुलांना शरीरातील बदल थोपविणारे औषध द्यावे, ही पद्धत हॉलंडमध्ये १९९० नंतरच्या दशकात सुरू झाली. तेच औषध, फार लवकर वयात येणाऱ्या बालकांना डॉक्टर त्याआधीपासून देत आले होते. २०१७ च्या मार्गदर्शिकेने संप्रेरके देण्यासाठी सोळाच्या आसपासचे वय सांगितले आणि त्याआधी देण्यास सबळ कारण हवे असे म्हटले.

यावर शंका निघाल्या. हाडांच्या बळकटीचे काय, पुढे मूल होण्याचे काय, मन बदलले तर काय? फिनलंडने २०२० साली आणि स्वीडनने २०२२ साली हात आखडता घेतला. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. बदल थोपविणाऱ्या औषधांच्या फायद्याचा पुरावा दुबळा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील सरकारने या कामासाठी ते औषध अठराखालील मुलांना नव्याने देण्यावर बेमुदत बंदी घातली. उलट अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ चे आपले अनुकूल धोरण २०२३ साली कायम ठेवले, आणि त्याच देशात २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याची अशा उपचारांवरील बंदी ग्राह्य धरली. विद्वानांतला हा वाद प्रामाणिक आहे आणि त्यात राजकारणही मिसळले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

परंतु या वादाचा दाखला देऊन जो डॉक्टर अशा मुलास दारातूनच परत पाठवितो, त्याने वाद वाचलेला नाही. वादातील औषधे गल्लीतल्या दवाखान्यात दिली जात नाहीत आणि देऊही नयेत. ते तज्ज्ञांच्या मंडळाचे काम. मुलाचे ऐकून घ्यावे, त्याच्या उदासीनतेवर उपचार करावेत, त्याला छळापासून वाचवावे, घरच्यांना सोबत घ्यावे, घाई करू नये आणि टाळाटाळही करू नये, या गोष्टींविषयी दोन्ही पक्षांत दुमत नाही. आणि आचोळ्यात उणीव आहे ती याच गोष्टींची.

कायदा काय म्हणतो? १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, माणसाने आपले लिंग स्वतः ओळखावे हा त्याचा हक्क मानला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करणे बेकायदा ठरविले. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आपल्या समाजाची बाजू मांडली होती. पुढे संसदेने २०१९ चा कायदा केला आणि तो १० जानेवारी २०२० रोजी अमलात आला. संप्रेरके, शस्त्रक्रिया आणि त्याआधी व नंतरचे समुपदेशन यांची सोय करणे, डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार करणे ही जबाबदारी त्याने सरकारवर टाकली. केवळ पारलिंगी आहे म्हणून मुलाला न्यायालयाच्या आदेशावाचून आईबापांपासून तोडू नये, असेही त्यात घातले. ओळखपत्रासाठी अठरा वर्षांखालील मुलाचा अर्ज आईबापांनी वा पालकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा, असे २०२० च्या नियमांनी ठरविले. कायदे बदलत असतात. यास्तव अर्ज करणाऱ्याने त्या दिवशीचा मजकूर जाणत्या वकिलाकडून पाहून घ्यावा. एक गोष्ट मात्र ध्यानात राहो, की अठराखालील मुलाच्या उपचारांत आईबापांची संमती लागते. म्हणजेच मुलाच्या सुखाची किल्ली शेवटी आईबापांच्या हाती आहे.

कायदा कागदावर चांगला वाटतो. आता आचोळ्याहून तो कसा दिसतो ते पाहा. आपला पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, आणि वसई-विरार महानगरपालिका त्याआधी पाच वर्षे, ३ जुलै २००९ रोजी. भातखाचरांचे हे गाव बघता बघता चाळी आणि इमारतींनी भरून गेले. येथल्या माणसाला ताप आला तर तो प्रथम गल्लीतल्या दवाखान्यात जातो, तेथे भागले नाही तर तुळींजला वा वसईच्या पेटिट रुग्णालयात, आणि तेथेही भागले नाही तर लोकलने मुंबईस. पारलिंगी व्यक्तींसाठी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये तीस खाटांचा स्वतंत्र कक्ष उघडला गेला, ही चांगली गोष्ट झाली. पण पंधरा वर्षांचे मूल, शाळा बुडवून, नालासोपाऱ्याच्या गर्दीत लोकल पकडून एकटे तेथे जाईल काय? आणि त्याला कक्षाची गरजही नसते; त्याला खुर्ची हवी असते, बसून बोलावयास.

जवळचे एक ठिकाण होते. पारलिंगी व्यक्तींसाठी त्याच समाजातील माणसे चालवीत असलेला ‘मित्र’ नावाचा दवाखाना २०२१ साली हैदराबादेस निघाला आणि पुढे कल्याणला व पुण्यासही. तपासणी, समुपदेशन, संप्रेरकांचा सल्ला सारे एका ठिकाणी, आणि दारात हसणारे कोणी नाही. हे काम अमेरिकन सरकारच्या पैशावर चालत होते. २०२५ च्या जानेवारीत तेथील सरकारने परदेशी मदत थांबविली आणि हे दवाखाने बंद पडले. हैदराबादचा दवाखाना पुढे देशातल्या देणगीवर नव्या नावाने पुन्हा उघडला. यातून आम्ही एक धडा घेतला. दूरच्या दात्याच्या मर्जीवर उभे असलेले केंद्र एका आदेशाने मिटते. गल्लीतला दवाखाना तसा मिटत नाही. म्हणून हे ज्ञान गल्लीतल्या दवाखान्यात रुजले पाहिजे. २०१४ पासून दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी सरकारचा किशोर आरोग्याचा कार्यक्रम आहे, आणि महाराष्ट्रात त्याची केंद्रे ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. नाव उत्तम आहे. त्या मैत्रीत ही मुलेही धरावीत, एवढेच आमचे मागणे.

येथे कोणी म्हणेल, ही पाश्चात्त्यांची थेरे आहेत. ज्या देशात कीर्तनकाराने शिखंडी आणि बृहन्नडा यांची आख्याने लावली आणि आजीबाईंनी ती माना डोलावीत ऐकली, त्या देशाने हा आक्षेप घेऊ नये. आपल्याकडे नवे आहे ते हे मूल नव्हे, त्याला डॉक्टराकडे नेता येते ही कल्पना नवी आहे. पूर्वी अशा मुलास एकच वाट मोकळी होती. घर सोडावयाचे, गुरूच्या आश्रयास जावयाचे, आणि कित्येकांच्या बाबतीत एखाद्या अडाणी हाताखाली जिवावरची शस्त्रक्रिया करून घ्यावयाची. त्यात किती जण रक्तस्रावाने गेले आणि किती जणांना जन्मभर लघवीचा त्रास जडला, याची गणती कोणी ठेवली? त्या समाजाने निराधार मुलांना आसरा दिला हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण घर असलेल्या मुलाला निराधार कोणी केले, हा प्रश्न त्या समाजाला नव्हे, आपल्याला आहे. दवाखान्याचे दार बंद झाले की दुसरे दार उघडते, आणि त्या दारापलीकडे काय आहे ते आपण पाहावयास जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मूल लहान आहे, उद्या त्याचे मत बदलले तर? बदलू शकते. काही मुलांचे बदलते आणि डॉक्टराने हे आईबापांपासून लपवू नये. परंतु त्याला त्याच्या नावाने हाक मारल्याने, त्याचे केस कापू दिल्याने, त्याच्याशी पाच मिनिटे बोलल्याने असे काही घडत नाही की जे परत फिरवता येणार नाही. परत न फिरणारी गोष्ट एकच आहे, आणि ती त्या वैशाखानंतर आमच्या डोळ्यांसमोरून थोडक्यात टळली.

आईबापांना शेवटी दोन शब्द. तुमच्या मुलाने असे काही सांगितले तर त्याच क्षणी सारे समजलेच पाहिजे असे नाही. ‘मला हे नीट कळत नाही, पण तू माझेच आहेस, आपण मिळून विचारू,’ एवढे वाक्य पुरे. रागावण्यास आयुष्य पडले आहे. हा दोष तुमच्या संगोपनाचा नव्हे, कोणाच्या पापाचा नव्हे आणि ग्रहांचा तर नव्हेच. आणि जो डॉक्टर तुमच्या मुलास हसेल, त्याचा दवाखाना बदला.

ज्या मुलाची हकीकत आम्ही सांगितली त्याची आई पुढे एकदा आमच्याकडे एकटीच आली. बराच वेळ गप्प बसून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, अजून माझ्या तोंडून चुकून ‘आली का गं’ निघते. मग तो थांबतो, मी पण थांबते, आणि मी म्हणते, आलास का रे?” आम्ही तिला म्हटले, “बाई, मार्गदर्शिकेत याहून अधिक काही लिहिलेले नाही.”

तो मुलगा आज कमावता आहे. त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात कोणतेही मूल आले की आम्ही आईला पाच मिनिटे बाहेर बसवतो. बाहेर वीस रोगी असतात, ते थांबतात. अजून त्यांपैकी कोणी या पाच मिनिटांबद्दल तक्रार केलेली नाही.